सुट्टीत पुण्यातच राहून लवचिक वेळेत कमाई कशी करावी?

दुधनाकाठ (८ एप्रिल २०२६)

नमस्कार. मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. माझे गाव परभणी जिल्ह्यात आहे आणि पुण्यात मी दोन मित्रांसोबत खोली घेऊन राहतो. आमची परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात संपेल आणि पुढचे सत्र जुलैमध्ये सुरू होईल. एरवी परीक्षा संपली की मी गावाकडची गाडी धरतो, पण खोलीचे भाडे सुट्टीतही चुकत नाही, त्यामुळे यंदा इथेच थांबून काही कमवावे असा विचार आहे. खानावळीची अनामत आणि लॅपटॉपची दुरुस्ती मिळून साधारण वीस हजार रुपये उभे राहिले, तर घरी हात पसरावा लागणार नाही.

अडचण वेळेची आहे. पाऊस पडला की पेरणीसाठी मला आठ-दहा दिवस गावी जावेच लागेल, आणि ती तारीख आज कोणालाच सांगता येणार नाही. दोन-तीन दुकानांत आणि एका कॉल सेंटरमध्ये चौकशी केली, तेव्हा किमान तीन महिने सलग काम करण्याची हमी मागण्यात आली. ती मी देऊ शकत नाही, आणि खोटी हमी देऊन मध्येच निघून जाणे मला पटत नाही.

माझ्याकडे दुचाकी नाही, परवाना मात्र आहे. लॅपटॉप चार्जर लावूनच चालतो. मराठी युनिकोड टंकलेखन बऱ्यापैकी वेगाने जमते, एक्सेल येते आणि अभ्यासक्रमात असल्यामुळे ‘आर’ ही सांख्यिकीची आज्ञावली थोडीफार वापरता येते. इंग्रजी वाचता-लिहिता येते, बोलताना अडखळतो.

अशा परिस्थितीत हातातले काम मध्ये थांबवून पुन्हा धरता येईल असे नेमके काय करता येईल, त्याचा दर कसा ठरवावा, आणि या कमाईमुळे माझ्या शिष्यवृत्तीवर काही परिणाम होतो का, एवढे कोणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

मध्यक (८ एप्रिल २०२६)

‘आर थोडीफार वापरता येते’ हे वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिले आहे. ते खरे तर पहिले असायला हवे होते. पुण्यात एम.एड., समाजकार्य, परिचर्या, फिजिओथेरपी, व्यवस्थापन अशा विषयांचे शेकडो विद्यार्थी दरवर्षी प्रश्नावल्या भरून घेतात आणि मग त्या आकड्यांचे काय करायचे हे कळत नसल्यामुळे हवालदिल होतात. त्यांना त्या माहितीचे कोष्टक, आलेख आणि दोन-तीन योग्य कसोट्या लावून देणारा माणूस हवा असतो. हे काम रात्री करता येते, गावाहून करता येते, आणि एक प्रकल्प संपवून दुसरा घेण्याआधी दहा दिवसांची सुट्टी घेता येते.

कामाचे स्वरूप मात्र पुस्तकात असते तसे नसते. तुमच्याकडे येणाऱ्या एक्सेलच्या फाइलमध्ये लिंगाच्या रकान्यात कुठे ‘पु.’, कुठे ‘पुरुष’ आणि कुठे रोमन लिपीतला ‘एम’ असेल. वयाच्या रकान्यात ‘४५ वर्षे’ असे अक्षरांसकट लिहिलेले असेल. रक्तदाबाचे १२०/८० हे दोन आकडे एकाच चौकटीत कोंबलेले असतील. कसोटी लावायला पाच मिनिटे लागतात, हे सगळे निस्तरण्यात दोन दिवस जातात. म्हणून दर सांगण्यापूर्वी फाइल पाहायला मागा. फाइल न पाहता ‘एवढे एवढे घेईन’ असे सांगणारा विद्यार्थी हमखास तोट्यात जातो. एका जागेवर बसून किती तास लागतील याचा अंदाज करा, त्यात तिसरा हिस्सा वाढवा, त्याला तुमच्या तासाच्या दराने गुणा, आणि निम्मी रक्कम काम सुरू करण्यापूर्वी घ्या. मार्गदर्शक सुधारणा सुचवतातच, त्यामुळे दोन वेळा बदल करून देईन, तिसऱ्यांदा वेगळे पैसे पडतील, हे आधीच लिहून कळवा.

आता मर्यादा. माहितीचे विश्लेषण करून देणे आणि ते समजावून सांगणे हे सरळ काम आहे. प्रबंधाचे प्रकरण लिहून देणे हे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे वाङ्मयचौर्यविषयक नियम आहेत, आणि त्यांच्या पलीकडेही ही साधी सचोटीची बाब आहे. ‘निष्कर्ष लक्षणीय आला पाहिजे, तेवढे बघा’ असे कोणी म्हणाले, तर पैसे परत करून मोकळे व्हा. रुग्णांची किंवा विद्यार्थ्यांची नावे असलेली फाइल आली, तर नावे काढून क्रमांक घालून पाठवायला सांगा. वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंधांना पैसे जास्त मिळतात, परंतु दुसऱ्या वर्षात असताना ती जोखीम घेऊ नये असे माझे मत आहे. कायवर्ग कसोटीत अपेक्षित वारंवारता पाचापेक्षा कमी असेल तर काय करायचे, हे क्षणभरही न अडखळता सांगता येईपर्यंत साध्या सर्वेक्षणांवर हात बसवा, आणि पहिली एक-दोन कामे आपल्या शिक्षकांना दाखवून मगच हवाली करा.

गिऱ्हाईक कुठे मिळेल, हा पुढचा प्रश्न. महाविद्यालयांच्या आसपास झेरॉक्स आणि बाइंडिंगची जी दुकाने आहेत, त्यांच्याकडे एक चिठ्ठी देऊन ठेवा. कोणाचा प्रबंध कुठे अडला आहे हे विभागप्रमुखांच्या आधी बाइंडिंगवाल्यांना कळते.

पाटावरवंटा (९ एप्रिल २०२६)

यंदा १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ आहे, याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहिते. सुट्टीत कमाई करू पाहणाऱ्या मुलांसाठी त्याचे दोन सरळ परिणाम आहेत. एक म्हणजे अधिक महिन्यात लग्ने जवळजवळ होत नाहीत. मंगल कार्यालयांत वाढपी म्हणून जाणे, छायाचित्रकाराच्या हाताखाली उभे राहणे, सजावटीचे सामान लावणे ही कामे दरवर्षी मेअखेरपर्यंत भरपूर असतात. यंदा ती मेच्या मध्यावरच आटतील. परीक्षा संपल्यावर जो आठवडाभर मिळेल, त्यात जेवढी मिळतील तेवढी करा, पण पुढच्या महिन्याचा हिशेब त्यांच्या भरवशावर मांडू नका.

दुसरा परिणाम उलटा आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि घरी अनारसे करणाऱ्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, कपड्यावर पसरून दमट असतानाच दळायचे, गूळ घालून गोळा मुरवत ठेवायचा, आणि एवढे सगळे करून तुपात सोडल्यावर अनारसा विरघळला तर हात चोळत बसायचे! खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्याने तूप उडवत तळायचा असतो. ते काम तुमच्याकडून कोणी करून घेणार नाही, घाबरू नका. आमच्यासारख्या घरगुती व्यवसाय करणाऱ्यांची अडचण तळणीच्या पलीकडची असते. मागण्या फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, शेजारणीच्या तोंडी अशा येतात. कोणाला कोणत्या तारखेला हवे, पैसे आले की नाही, पत्ता वारजे की वारजे माळवाडी, यात निम्मा दिवस जातो. मोजून तेहतीसची खोकी भरणे, चिठ्ठ्या लावणे आणि सकाळच्या वेळी बसने जवळपासच्या घरी पोचवून येणे यासाठी मला आणि माझ्या ओळखीतल्या तिघींना त्या महिन्यात हक्काचा माणूस लागतो.

मी खोक्यामागे पैसे देते आणि बसचे भाडे वेगळे देते. सकाळी आठ ते बारा एवढेच काम असते, दुपार मोकळी. पेरणीला जाणार असाल तर आधी सांगून जा आणि तुमच्या खोलीतल्या मित्राला चार दिवस आमच्याकडे पाठवा, एवढीच अपेक्षा असते. तुमच्या पेठेत किंवा उपनगरात असे व्यवसाय करणाऱ्या बायका कोण आहेत, हे महिला बचत गटांत आणि जवळच्या किराणा दुकानात विचारले तर लगेच कळेल. एक्सेल येते असे म्हणालात, तर मागणी, तारीख, पत्ता, जमा, बाकी असा पाच रकान्यांचा एक नमुना करून घेऊन जा. तो पाहून कोणतीही बाई तुम्हाला नाही म्हणणार नाही.

सेतुबंध (९ एप्रिल २०२६)

माझे उपनगरात आपले सरकार सेवा केंद्र आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. दहावी-बारावीचे निकाल मेमध्ये लागतात आणि तेव्हापासून जुलैच्या मध्यापर्यंत आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. २०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे पूर्वी फक्त मोठ्या शहरांत असलेली ही गर्दी आता तालुक्याच्या गावीही आहे. शिवाय अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी अशा प्रवेशफेऱ्या, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला हे सारे त्याच दीड-दोन महिन्यांत येते. वर्षभर एका माणसावर चालणाऱ्या केंद्राला या काळात दोन-तीन जास्तीचे हात लागतात, आणि ते कायमचे नको असतात. म्हणजे तुमची गरज आणि आमची गरज जुळते.

तुम्ही स्वतः दोन वर्षांपूर्वी हे सगळे अर्ज भरलेले असल्यामुळे तुम्हाला शिकवावे लागत नाही, हा तुमचा मोठा फायदा आहे. खुर्चीवर बसल्यावर दिसणाऱ्या अडचणी ठरावीक असतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधार कार्डावर शेवटी. आईचे नाव एका ठिकाणी माहेरचे. मोबाइलवर काढलेला फोटो तीन एमबीचा आणि संकेतस्थळाला पन्नास केबीचा हवा. जात पडताळणीचे प्रमाणपत्र अजून आलेले नाही, पण अर्जाची पावती आहे. पालक घाबरलेले असतात. शांतपणे कागद तपासून ‘हा एक दाखला राहिला आहे, तो घेऊन दुपारी या’ असे सांगणारा मुलगा आमच्या दृष्टीने टंकलेखनाचा वेग असलेल्या मुलापेक्षा मोलाचा असतो.

आम्ही काही जण दिवसाच्या हिशेबाने पैसे देतो, काही जण अर्जामागे. अर्जामागे घेणे तुम्हाला जास्त वाटेल, परंतु संकेतस्थळ दुपारभर बंद पडले की त्या दिवशी हाती काही येत नाही, आणि प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला ते बंद पडतेच. अर्धा दिवस ठरावीक आणि त्यावर अर्जामागे थोडे, अशी बोली करून घ्या. दाखल्यांसाठी शासनाने ठरवलेले शुल्क केंद्रात फलकावर लावलेले असते. त्याहून जास्त घेऊन पावती न देणाऱ्या केंद्रावर कामाला बसू नका, कारण तक्रार झाली की समोर बसलेला चेहरा तुमचा असतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. दुसऱ्याचा पासवर्ड आपल्या वहीत उतरवून ठेवायचा नाही आणि ओटीपी पालकांनीच टंकित करायचा. महाविद्यालयांचा पसंतीक्रम विद्यार्थ्याने स्वतः सांगायचा, आपण सुचवायचा नाही. प्रवेश मनासारखा झाला नाही की पसंतीक्रम कोणी भरला यावरून भांडणे होतात, हे मी दरवर्षी पाहतो.

जाता जाता, दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये असते. गणितात राहिलेल्या मुलांना निकालानंतर साधारण महिनाभर शिकवणारा माणूस हवा असतो आणि मोठे क्लास त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. आमच्याकडे गुणपत्रिका घेऊन येणारे पालक हीच चौकशी करतात. तुमचे गावी जाणे नेमके त्याच काळात येणार असल्यामुळे तुम्हाला ते जमेल असे वाटत नाही; तुमचे मित्र पुण्यात थांबणार असतील तर त्यांनी विचार करावा.

दुधनाकाठ (१० एप्रिल २०२६)

तिघांचेही मनापासून आभार. अनारशांचे आणि सेवा केंद्राचे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

दोन शंका आहेत. खोलीतला मित्र म्हणतो की भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन खाद्यपदार्थ पोचवण्याचे काम करावे, कारण ते कधीही सुरू आणि कधीही बंद करता येते. दुसरे म्हणजे मला टेलिग्रामवर एका ‘कंपनी’कडून माहिती भरण्याचे काम आले आहे. स्कॅन केलेली पाने टंकित करून द्यायची, पानाला चाळीस रुपये. करारपत्र पाठवले आहे, त्यावर ऑनलाइन सही करायची आहे. नोंदणी शुल्क मागितलेले नाही, त्यामुळे खरे असावे असे वाटते. काय करावे?

शंकेखोर (१० एप्रिल २०२६)

सही करू नका. नोंदणी शुल्क मागितले नाही म्हणून काम खरे, हा समज या टोळ्यांनाही ठाऊक आहे, आणि म्हणून त्यांनी पैसे उकळण्याची जागा पुढे सरकवली आहे. त्या करारपत्रात बहुधा अचूकतेची अट असेल, म्हणजे नव्वद किंवा पंचाण्णव टक्क्यांहून जास्त अचूक काम ठरावीक दिवसांत दिले नाही तर दंड. पाने मुद्दाम अस्पष्ट दिलेली असतात. तुम्ही रात्री जागून ती टंकित करता, ते ‘अचूकता भरली नाही’ असे कळवतात, आणि मग एका वकिलाच्या नावाने नोटीस येते की करारभंगाबद्दल इतके हजार भरा, अन्यथा न्यायालयात खेचू. पुष्कळ मुले घाबरून पैसे भरतात. ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी एक रुपयाही न भरता सगळे संदेश जपून ठेवावेत आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. ती रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्यापूर्वी गोठवता आली तरच परत मिळण्याची काही आशा असते.

याहून घातक प्रकार सध्या वसतिगृहांत फिरतो आहे, तो म्हणजे बँक खाते ‘भाड्याने’ देण्याचा. तुमचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम काही दिवस वापरायला द्या, महिन्याला एवढे मिळतील, असे कोणीतरी ओळखीतलाच सांगतो. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात, आणि मग कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातले पोलीस ते खाते गोठवतात. शिष्यवृत्ती त्याच खात्यात येत असेल तर तीही अडकते आणि गुन्ह्यात नाव येते ते वेगळेच. व्हिडिओ ‘लाइक’ करण्याचे पैसे, हॉटेलांना तारे देण्याचे पैसे, ही त्याच जातीची कामे आहेत. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर देतात आणि तिसऱ्या दिवशी ‘मोठ्या टास्क’साठी पाच हजार भरायला लावतात.

मराठी टंकलेखनाची खरी कामेही असतात, त्यामुळे त्या कौशल्यावर पाणी सोडू नका. संशोधक आणि पत्रकार मुलाखतींचे ध्वनिमुद्रण शब्दशः लिहून मागतात. छोटे प्रकाशक जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून मागतात. रूपांतर करणारी आज्ञावली आपले काम करून गेली की ‘सुऱ्या’चे ‘सुर्या’ झालेले असते, रफार एक अक्षर मागे-पुढे सरकलेला असतो, आणि ते डोळ्यांत तेल घालून शोधणारा माणूस त्यांना हवा असतो. फक्त दर नीट समजून घ्या. ध्वनिमुद्रणाचा दर बहुधा मिनिटावर सांगतात. समजा मिनिटाला दहा रुपये म्हणाले, तर तासाभराच्या मुलाखतीचे सहाशे होतात. ऐकायला बरे वाटते. पण तासाभराची मुलाखत उतरवायला सरावाच्या माणसालाही चार तास आणि नवख्याला सहा तास सहज लागतात, म्हणजे तुमच्या हाती तासाला शंभर रुपये आले. पंख्याच्या आवाजात, तिघे एकदम बोलत असलेली मुलाखत असेल तर त्याहूनही कमी. पहिली पाच मिनिटे ऐकल्याशिवाय होकार देऊ नका.

खाद्यपदार्थ पोचवण्याबद्दल तुमच्या मित्राचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटरला परवाना किंवा नोंदणी लागत नाही आणि काम खरोखरच कधीही थांबवता येते. मात्र स्कूटरचे भाडे तुम्ही बाहेर पडा वा न पडा, आठवड्याला मोजावेच लागते. मेमधल्या दुपारी मागण्या जास्त असतात आणि ऊनही. हातात पडलेल्या रकमेतून भाडे, मोबाइलचा डेटा आणि बाहेरचे जेवण वजा करून, त्याला रस्त्यावर उभे राहिलेल्या वेळेसह एकूण तासांनी भागा. मित्राची स्वतःची दुचाकी वापरायची झाल्यास विम्याचे कागद वाचा, कारण खासगी वापराच्या विम्यावर असे काम करताना अपघात झाला तर नुकसानभरपाईचा दावा अडू शकतो. पावसाळ्यात तर मी कोणालाच हे काम सुचवणार नाही.

केसरबाग (११ एप्रिल २०२६)

तुम्ही परभणीचे, आणि मराठवाड्याच्या केसर आंब्याबद्दल कोणीच बोलत नाही! पुण्यात हापूसची विक्री करणारी मुले गल्लोगल्ली आहेत, पण तुमची परीक्षा संपेपर्यंत हापूसचा हंगाम उतरणीला लागलेला असेल. मराठवाडा केसर त्यानंतर येतो, पाऊस लागेपर्यंत चालतो, त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि हापूससारखी साक्याची (वरून चांगल्या दिसणाऱ्या फळाचा गर आतून खराब निघण्याची) कटकट नसते. मराठवाड्यातल्या ओळखीच्या बागायतदाराकडून थेट माल मिळवता येणारा मुलगा पुण्यात असणे, ही लहान गोष्ट नाही.

पण शिलकीचा माल अंगावर घेऊ नका. सोसायटीतल्या आणि महाविद्यालयातल्या ओळखींकडून आधी मागणी आणि निम्मी आगाऊ रक्कम घ्यायची, तेवढ्याच पेट्या ट्रॅव्हल्सने मागवायच्या, आल्या दिवशी वाटून टाकायच्या. अढीचा माल गिऱ्हाइकाच्या घरीच पिकू द्या, तुमच्या खोलीत नको. दहा पेट्या एकदम पिकल्या की तोटा सगळा तुमचा. कार्बाइडने पिकवण्यावर बंदी आहे, तेव्हा बागायतदाराला तेही विचारून घ्या. छोट्या विक्रेत्यांसाठी अन्न सुरक्षेची मूलभूत नोंदणी ऑनलाइन करता येते आणि शुल्क किरकोळ आहे. दोन-तीन खेपांहून जास्त करणार असाल तर ती करून टाका.

मध्यक (११ एप्रिल २०२६)

केसरबाग यांच्या सूचनेला माझा थोडा विरोध आहे. दुसऱ्याच्या पैशाने मागवलेला नाशवंत माल ट्रॅव्हल्सच्या टपावर उन्हात तापून आला, तर आगाऊ रक्कम परत करायला या मुलाकडे पैसे कुठले? ज्याच्यापाशी भांडवल आहे त्याने जरूर करावे. वीस हजारांची गरज असलेल्याने पाच हजारांचा धोका पत्करू नये.

शिष्यवृत्तीचा प्रश्न मागे राहिला होता. महाडीबीटीवरच्या (राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरच्या) योजनांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाहिले जाते, आणि त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा आठ लाख आहे. सुट्टीतले वीस हजार कुटुंबाच्या उत्पन्नात धरले तरी शेतकरी कुटुंबाला त्याने फरक पडण्याची शक्यता फार कमी. तुमची योजना दुसरी असेल तर तिची मर्यादा तपासून घ्या. पॅन कार्ड काढून ठेवा. एखाद्या संस्थेने मानधनातून दहा टक्के कर कापला, तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मुळात कर नाही. पॅन दिला नाही, तर वीस टक्क्यांपर्यंत कापतात.

विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी आपल्या महाविद्यालयातल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे आताच करा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ही योजना प्रामुख्याने सत्र चालू असताना चालते आणि दिवसाचे तास ठरावीक असतात, त्यामुळे सुट्टीपुरती तिची मदत थोडीच होईल. पण जुलैपासूनच्या यादीत नाव लागले तर खानावळीचा बराचसा खर्च त्यातून सुटतो.

दुधनाकाठ (१२ एप्रिल २०२६)

करारपत्रात खरोखरच ९५ टक्के अचूकतेची अट आणि साडेसात हजारांचा दंड निघाला. तो क्रमांक मी बंद केला आहे.

आंब्यांचे सध्या बाजूला ठेवतो. सकाळी अनारशांचे काम आणि निकाल लागल्यावर दुपारी एखादे सेवा केंद्र, असे जमते का ते पाहतो. सर्वेक्षणाचे एखादे काम मिळाले तर रात्री करीन. पाटावरवंटा, तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे. सेतुबंध, एक विचारायचे होते. निकालाची तारीख आधी कळत नाही, मग केंद्रांकडे चौकशी नेमकी कधी करावी?

सेतुबंध (१२ एप्रिल २०२६)

आत्ताच करा. निकाल लागल्यावर आम्हाला फोन उचलायलाही सवड नसते, आणि तेव्हा जो समोर येईल त्याला घाईने बसवले जाते. या महिन्यात दुपारी तीन ते पाच या वेळेत केंद्रे रिकामी असतात. तेव्हा जा, एक-दोन उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज समोर बसून भरून दाखवा, आणि पेरणीचे आठ-दहा दिवस आपण नसू हे पहिल्याच भेटीत सांगा. अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये चार-पाच दिवसांच्या फटी पडतात. वेळापत्रक जाहीर झाले की ते बघून गावी जाण्याचे दिवस त्या फटींत थोडेफार बसवता येतील, अर्थात पावसाने ऐकले तर.